जुन्या बॉयलरचा बर्नर सारखा बंद पडतोय? नवीन घेण्याआधी हे बघा

लाँड्री आणि स्टीम प्रेसच्या व्यवसायावर व्हिडिओ केला, तेव्हा वाटलं होतं की प्रश्न येतील भांडवलाचे, गिऱ्हाईक कुठून आणायचं याचे. पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा होता: "सर, सेकंडहँड डिझेल बॉयलर घेतला. बर्नर पेटतो, थोड्या वेळाने बंद पडतो, लाल दिवा लागतो. मेकॅनिक म्हणतो बर्नर गेला, नवीन टाका. काय करू?"

व्हिडिओत दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं. ते पुरेसं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आपण बोलतोय ते छोट्या, डिझेलवर चालणाऱ्या बेबी बॉयलरबद्दल. त्याला पुढे जो पिस्तुलासारखा बर्नर लावलेला असतो, तशाच पद्धतीचा बर्नर थंड देशांत घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरला असतो. यंत्र तसं साधं आहे. डिझेल, हवा, ठिणगी आणि ज्योत बघणारा एक डोळा, एवढ्या चार गोष्टींवर चालतं.

सगळ्यात आधी त्या लाल बटणाबद्दल

लाल दिवा लागला की आपला हात आपोआप रीसेटच्या बटणावर जातो. ऑर्डर अडकलेली असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं, मग माणूस दाबतच राहतो. हे करू नका. का ते हिशोबाने सांगतो.

समजा तुमचा बर्नर तासाला 5 लिटर डिझेल फवारतो. ज्योत दिसली नाही तर बर्नर काही सेकंद वाट बघतो आणि मग बंद होतो. ती वाट 10 सेकंदांची धरली तर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात जवळजवळ 14 मिलिलिटर डिझेल आत पडतं, न जळलेलं. दहा वेळा बटण दाबलं की वाटीभर डिझेल गरम भट्टीत साचतं आणि त्याची वाफ होते. अकराव्या वेळी ठिणगी पडली की ते सगळं एकदम पेटतं. दार उडतं, धुराड्याचा पाइप निखळतो, आणि समोर माणूस असेल तर तो भाजतो.

रीसेट एकदा दाबा. परत बंद पडलं तर मेन स्विच बंद, डिझेलचा व्हॉल्व्ह बंद, भट्टी गार होऊ द्या, हवा खेळू द्या. आत डिझेल साचलंय का ते बघून पुसून काढल्याशिवाय पुढचा प्रयत्न नाही.

कान देऊन ऐका, कुठे अडतंय ते कळतं

बर्नर ठरलेल्या क्रमाने चालू होतो. आधी मोटर आणि पंखा फिरतो, काही सेकंद नुसती हवा मारून आतला जुना गॅस बाहेर काढतो. ठिणगी सुरू होते. मग 'टक' असा आवाज येतो, तो डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचा. फवारा उडतो, पेटतो, आणि फोटोसेल म्हणजे तो डोळा उजेड बघून 'चालू दे' म्हणतो. क्रमातल्या कुठल्या पायरीवर गाडी थांबली हे तुम्ही मेकॅनिकला फोनवर सांगू शकलात, तरी त्याच्या निम्म्या चकरा वाचतात.

मोटरच फिरत नाही? मग बहुतेक वेळा दोष बर्नरचा नसतोच. पाण्याची पातळी खाली गेलेली असते किंवा वाफेचा दाब भरलेला असतो, आणि बर्नर बंद राहून आपलं काम बरोबर करत असतो. फीड पंप पाणी देतोय का ते आधी बघा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो किंवा पंप जाम झालेला असतो.

मोटर फिरतेय, 'टक' पण होतंय, पण फवारा नाही. इथे डिझेल तपासायचं. टाकीत आहे ना? हसू नका, बऱ्याचदा नसतं! टाकी एकदा रिकामी झाली की लाइनमध्ये हवा शिरते आणि पुन्हा डिझेल भरलं तरी पंप ओढत नाही. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून ती हवा काढावी लागते. फिल्टर काढून बघा, जुन्या टाकीच्या तळाचा गाळ तिथेच येऊन बसतो. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणीही सापडतं. आणि मोटर व पंप यांना जोडणारं छोटं कपलिंग तुटलेलं असेल, तर मोटर मजेत फिरते आणि पंप जागचा हलत नाही.

फवारा उडतोय, धुराड्यातून पांढरी वाफ आणि डिझेलचा वास येतोय, पण पेटत नाही, म्हणजे ठिणगीचा घोटाळा आहे. इलेक्ट्रोडवर काजळी धरलेली असते, त्याच्या चिनीमातीच्या भागाला तडा गेलेला असतो, किंवा दोन टोकांतलं अंतर बिघडलेलं असतं. हे अंतर साधारण 3 ते 4 मिलिमीटर असतं, नेमका आकडा तुमच्या बर्नरच्या पुस्तिकेत बघा. ठिणगीच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट येतात, त्यामुळे मेन स्विच बंद केल्याशिवाय इथे बोटसुद्धा लावायचं नाही.

नीट पेटतं आणि काही सेकंदांतच विझतं, तर फोटोसेल बाहेर काढा आणि मऊ फडक्याने पुसा. त्याच्या काचेवर काजळी असली की समोर ज्योत असूनही त्याला अंधारच दिसतो. काही मेकॅनिक इथे 'जुगाड' सुचवतात, की फोटोसेल बायपास करून देतो, परत बंद पडणार नाही. अशा माणसाला चहा पाजा आणि परत पाठवा. ज्योत विझली तरी डिझेल चालूच राहील, असा त्या जुगाडाचा अर्थ आहे.

नोझलबद्दल एक सांगून ठेवतो. ते पिन घालून साफ करायचं नसतं. भोक इतकं बारीक असतं की एक ओरखडा पडला तरी फवारा तिरका होतो. बदलायचंच. बदलताना जुन्यावरचे आकडे लिहून घ्या आणि तेच नोझल आणा. त्यावर किती डिझेल जाणार ते अमेरिकन गॅलन प्रति तास या मापात लिहिलेलं असतं, शेजारी फवाऱ्याचा कोन असतो, 45, 60 किंवा 80 अंश. "जास्त वाफ पाहिजे" म्हणून मोठं नोझल बसवणारे खूप भेटतात. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग काळा धूर निघतो आणि महिन्याभरात आत काजळीचा थर बसतो.

पावसाळ्यातच बंद पडणारा बर्नर

आमच्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. स्टीम प्रेसचं युनिट, 10 बाय 10 ची बॉयलर रूम. उन्हाळाभर बर्नर छान चालला. जुलैपासून रोज तेच नाटक: सकाळी पेटतो, अर्ध्या तासाने ज्योत लालसर आणि धुरकट होते, मग लाल दिवा. मेकॅनिकने नोझल बदललं, फोटोसेल बदलला, शेवटी नव्या बर्नरचं कोटेशन हातात ठेवलं. ताई म्हणाल्या, "सर, कर्जाचा हप्ता भरू की बर्नर घेऊ?"

मी विचारलं, पाऊस सुरू झाल्यावर खोलीत काय बदललं? त्यांना वाटलं काहीच नाही. मग आठवलं की कपडे भिजतात म्हणून खिडकीला प्लास्टिक मारलं होतं आणि दार लावून घेत होते.

आता हिशोब बघा. 1 लिटर डिझेल जाळायला कमीत कमी 10 घनमीटर हवा लागते. तासाला 5 लिटर म्हणजे 50 घनमीटर, प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच. 10 बाय 10 ची आणि 10 फूट उंचीची खोली म्हणजे 28 घनमीटर. बर्नर तासाभरात जवळजवळ दोन खोल्या भरतील एवढी हवा पिणार, आणि आपण खिडकी बंद केलेली! ज्योत गुदमरते, काजळी धरते, ती फोटोसेलवर बसते, लाल दिवा लागतो. मेकॅनिक फोटोसेल बदलतो, चार दिवस चालतं, परत तेच.

पंख्याचं तोंड उघडून बघितलं तर तिथे कपड्यांच्या बारीक तंतूंची गादीच बसली होती. लाँड्रीत हे होतंच, दर आठवड्याला साफ करायला पाहिजे. प्लास्टिक काढलं, पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून पत्र्याचं छज्जा लावलं, पंखा साफ केला. बर्नर अजून तोच आहे.

यात पैशांपेक्षा मोठा धोका होता. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बॉयलर रूममध्ये काम करणाऱ्याचं डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, बर्नर बंद करा आणि डॉक्टरकडे न्या.

काजळीचा महिन्याचा खर्च

धुराड्यातून जाणाऱ्या धुराचं तापमान मोजायला साधा थर्मामीटर लावता येतो. ढोबळ नियम असा की हे तापमान 22 अंश सेल्सिअसने वाढलं की साधारण 1 टक्का डिझेल वाया. आतल्या नळ्यांवर काजळी बसली की उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून निघून जाते. साफ असताना 220 अंश असलेलं तापमान 330 वर गेलं, म्हणजे 5 टक्के गेले.

तासाला 5 लिटर, रोज 6 तास, महिन्याचे 26 दिवस. 780 लिटर झालं. डिझेल 90 रुपये धरा (तुमच्या गावचा दर टाका), 70,200 रुपये. त्याचे 5 टक्के 3,510 रुपये, दर महिन्याला. एवढ्यात नळ्या ब्रशने साफ करून मिळतात आणि नवीन नोझलही येतं. हवेची झडप मात्र अंदाजाने फिरवू नका. वर्षातून एकदा धूर तपासायचं मशीन असलेला माणूस बोलवून सेटिंग करून घ्या आणि झडपेवर मार्करने खूण करून ठेवा.

तुम्ही काय करायचं, काय नाही

फिल्टर, पंखा, फोटोसेल साफ करणं, डिझेल आणि हवा तपासणं हे तुमचं काम. सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, पाण्याच्या पातळीचा कंट्रोल आणि बॉयलरचं वेल्डिंग यांना हात लावायचा नाही. बॉयलर 25 लिटर किंवा त्याहून जास्त क्षमतेचा असेल तर तो साधारणपणे बॉयलर कायद्याखाली येतो. मग नोंदणी, तपासणी, दुरुस्ती, सगळं बाष्पके संचालनालयाच्या नियमाने. सेकंडहँड घेताना कागद मागा. "छोटा आहे, काही लागत नाही" यावर विश्वास ठेवण्याआधी नेमप्लेटवरचा आकडा स्वतः वाचा.

आणि घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा की बॉयलर चालू करून ठेवू नका. गार असतानाच जा, बॉयलरला हात लावून बघा. तुमच्यासमोर चालू करायला लावा, तासभर तिथेच बसा. पहिल्याच प्रयत्नात पेटतो का, धूर काळा आहे का, बंद केल्यावर नोझलमधून डिझेल टपकतं का, हे सगळं त्या एका तासात दिसतं. त्याने आधीच गरम करून ठेवला असेल तर चहा पिऊन परत या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा.