जुना डीव्हीडी ड्राइव्ह काढताय? हे वाचा

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कितीतरी घरांत दहा-बारा वर्षांचे पीसी आणि लॅपटॉप केवळ 'स्लो' झाले म्हणून धूळ खात पडलेत. भंगारात देऊ नका! बहुतेकांना नव्या एसएसडीने (वेगवान डिस्कने) पुन्हा जीव येतो, आणि तिच्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह काढून जागा करता येते.

सर्वात आधी लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. ड्राइव्ह निघाल्यावर त्या चालवायच्या कुठे?

🔧 डेस्कटॉप: स्विच बंद करा, प्लग काढा. साटा डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे दोन चपट्या केबल असतात, अरुंद डेटाची, रुंद पॉवरची. त्याच २.५ इंची साटा एसएसडीला बसतात. मागे ४० पिनांची रुंद पट्टी दिसली तर तो जुना आयडीई ड्राइव्ह. तिथे हे जमणार नाही.

🔧 लॅपटॉप: बॅटरी काढा. बऱ्याच मॉडेलांत खालचा एक स्क्रू काढला की ड्राइव्ह बाहेर सरकतो. त्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लागते, ९.५ किंवा १२.७ मिमी जाडीची. आधी मोजा, मगच घ्या. एसएसडी मूळ हार्ड डिस्कच्या जागी लावा, जुनी डिस्क कॅडीत.

साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा-३ वरची एसएसडी ५०० च्या पुढे.

सामान ऑनलाइन मिळतं. हाताळून घ्यायचं असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार जवळच आहे.

काढलेला ड्राइव्ह कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलनातच द्या.