पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणते गणित घ्यावे?

पुढे पदार्थविज्ञानाची पदवी घ्यायची असे तुमच्यापैकी काहींनी ठरवलेच असेल. मग प्रश्न येतो : जोडीला वरच्या पायरीचे कोणते गणित घ्यावे? ‘प्रयोगाला लागेल तेवढेच’ हे उत्तर सोपे आहे. पण उद्या काय लागेल हे आज कोणी सांगावे?

१९२५ सालच्या उन्हाळ्यात हायझेनबर्ग या २३ वर्षांच्या जर्मन शास्त्रज्ञाने अणूविषयी नवे गणित मांडले. त्यात ‘अ गुणिले ब’ आणि ‘ब गुणिले अ’ यांची उत्तरे वेगवेगळी येत! याने तो बेचैन झाला. गटिंगेनचे माक्स बोर्न यांनी मात्र विचारांती ते ओळखले. ही तर आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांची चौकट, म्हणजे मॅट्रिक्स! ब्रेस्लाऊला विद्यार्थी असताना प्राध्यापक रोझानेस यांच्याकडे ते हे बीजगणित शिकले होते. हायझेनबर्गला ते ठाऊकच नव्हते.

पण क्रमाने फरक पडतो तरी कसा? हा अंक टेबलावर सपाट ठेवा. तो आधी उभ्या अक्षाभोवती पाव फेरी फिरवा, मग डावी-उजवीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती. आता हेच उलट क्रमाने करून पाहा. अंक निराळ्याच स्थितीत येईल. असे फिरवणे मॅट्रिक्सनेच लिहितात.

तेव्हा एकच विषय घेता येत असेल, तर आमचे मत रेषीय बीजगणिताला. गणिती विश्लेषण सुंदर खरेच, पण ते वर्षभर थांबू शकते. मॅट्रिक्सवाचून पुंजयामिकीचे पुस्तक फार पुढे सरकत नाही.