काटकोनाची परीक्षा

टेबलावर बसविलेल्या वर्तुळाकार करवतीबरोबर जी उपकरणे येतात, त्यांत मायटर गेजकडे गिऱ्हाइकाचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. खाचेतून सरकणारी एक पट्टी आणि तिच्यावर अंशांच्या खुणांचे फिरते डोके, एवढेच त्याचे रूप. परंतु फळीचा आडवा छेद काटकोनात पडणार की तिरका, हे त्यावरच अवलंबून असते.

स्वस्त यंत्रांबरोबर मिळणाऱ्या गेजमध्ये बहुधा दोन उणिवा आढळतात: पट्टी खाचेत सैल बसते, आणि डोके आखूड असल्याने लांब फळीला आधार पुरत नाही. अर्ध्या अंशाची चूक सहसा नजरेस येत नाही. पण ३०० मिलिमीटर रुंदीच्या फळीवर ती अडीच मिलिमीटरांहून अधिक भरते. तसबिरीच्या चौकटीला ४५ अंशांचे आठ छेद लागतात. प्रत्येक छेद एकाच दिशेने अर्धा अंश चुकला, तर अखेरचा सांधा चार अंशांनी फाकतो.

परीक्षा सोपी आहे. समांतर कडांची फळी आडवी कापावी, एक तुकडा पालथा करून दोन्ही टोके भिडवावीत आणि कडा सरळ पट्टीला टेकवाव्यात. टोकांमध्ये दिसणारी फट मूळ चुकीच्या दुप्पट असते.

पट्टीच्या कडेवर पंच ठोकून बारीक उंचवटे काढले की सैलपणा जातो. डोक्याला सरळ लाकडी पट्टी जोडली की आधार वाढतो. मग गुण्या लावून कोन पक्का करावा. एवढ्या श्रमाने साधे गेजही विश्वासाचे होते, आणि चांगले लाकूड वाया जात नाही.