रेंज गेली तरी निळा ठिपका चालतो

ताम्हिणी घाटात रेंज गेली की गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "जीपीएस गेलं." गेलेलं असतं इंटरनेट. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात आणि फोन त्यांचे संदेश फक्त ऐकतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, डेटाही लागत नाही. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन स्वतःची जागा काढतो. उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती मात्र नेटवर्कवरून झटपट मिळते. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते आणि त्याला अर्धा मिनिट किंवा बराच जास्त वेळ जातो. म्हणून दरीत फोन बंद करून पुन्हा लावला, तर मोकळ्या आकाशाखाली जरा थांबावं. ठिपका येतो.

म्हणजे आपण कुठे आहोत, हे ऑनलाइन आणि ऑफलाइन अशा दोन्ही प्रकारच्या नकाशा-ॲपना सारखंच कळतं. फरक पडतो तो नकाशा कुठे साठवलाय आणि रस्ता कोण शोधतंय, यात.

गूगल मॅप्स ऑनलाइन असताना रस्ता दूरच्या सर्व्हरवर ठरतो. रस्त्यावरच्या असंख्य फोनांचा वेग तिथे पोचत असतो, म्हणून पुण्यातल्या चांदणी चौकातली कोंडी आपण पोचण्याआधीच लाल दिसते. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट अनेकदा बंद ठेवतात. अशी ताजी खबर मिळायची शक्यता ऑनलाइन नकाशावरच असते. तरीही भोरमधून निघताना एखाद्या चहावाल्याला विचारावंच, कारण कुणी कळवल्याशिवाय नकाशालाही कळत नाही.

ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड यांची तऱ्हा वेगळी. महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून घ्यायचा, मग रस्ता फोन स्वतः शोधतो. दोघांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरत असतात. गाडीरस्ता संपल्यावर त्याची खरी किंमत कळते. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जा की खिरेश्वरहून, कामाच्या असतात त्या पायवाटा, पाण्याची टाकी, गुहा. चालून गेलेल्या कुणा माणसाने अशा गोष्टी नकाशात भरलेल्या असतात आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण वाट काढलेली आहे म्हणजे ती सोपी आहे, असं समजू नये. नळीच्या वाटेसारखी अवघड चढणही पडद्यावर नुसती तुटक रेघ दिसू शकते.

गूगल मॅप्समध्येही भाग उतरवून ठेवता येतो आणि गाडीने कोकणात उतरायला तो पुरतो. मात्र नेटशिवाय तिथे फक्त गाडीचा रस्ता मिळतो. पायी जायचा मार्ग, बस, वाहतुकीची गर्दी, पर्यायी रस्ते, सगळं बंद. ट्रेकला हा आधार धरू नये.

शहरात आणि महामार्गावर ऑनलाइन, डोंगरात ऑफलाइन, असं माझं मत. दोन्ही ॲप फोनात असू द्यावीत. ऑफलाइन शोधात घरचा पत्ता बहुधा सापडत नाही, म्हणून मुक्कामाच्या जागेवर नेट असतानाच खूण करून ठेवावी. मग घरीच फोन विमान मोडवर टाकून त्या खुणेपर्यंतचा रस्ता काढून पाहावा. निघाला तर घाटातही निघेल. गडावरही विमान मोड लावावा, कारण रेंज शोधत राहण्यात बॅटरी भराभर उतरते.