पोरगं वाया गेलं म्हणण्याआधी

"ताई, पोरगं हाताबाहेर गेलं. आता त्याचा बापच बघेल." वस्तीत फिरताना हे आम्ही नेहमी ऐकतो. बाप बघेल, म्हणजे पट्टा निघेल. तो निघण्याआधी एवढं वाचा.

पंक्चरचं सोल्युशन किंवा थिनर हुंगताना मुलगा दिसला, तर ओरडू नका, त्याच्या मागे पळू नका. त्या वाफेमुळे दचकणं आणि पळणं हृदयाला सोसत नाही. ठोके बिघडून जागेवर जीव जाऊ शकतो. शांतपणे बोला, फडकं बाजूला घ्या, मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

मग पुढे काय? मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. या वयात पोरांना थरार हवा असतो, सोबत हवी असते. ती नशेच्या कट्ट्यावर मिळाली की पोरगं तिकडे जातं. मैदानावर मिळाली की इकडे येतं.

नागपुरात हे घडलं आहे. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुलं भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. खेळत असेपर्यंत मुलं वाईट सवयींपासून लांब राहतात, हे त्यांनी हेरलं. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं आणि तिथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळले. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' याच कामावर आहे.

ही चेंडूची जादू नव्हे. रोजची ठरलेली वेळ, सगळ्यांना सारखे नियम, नावाने हाक मारणारं मोठं माणूस, आणि चुकलं तरी "उद्या ये" म्हणणं, यानं पोरं टिकतात.

फुटबॉलचं वेड कोल्हापूरला शिकवायला नको. पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. आपल्या वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे. संध्याकाळी दोन तास ते पोरांसाठी उघडा. अभ्यास, कॅरम, हलगी, चेंडू, जे जमेल ते ठेवा. मुलींनाही तेवढीच वेळ द्या. दोन जाणत्या माणसांनी पाळीने बसावं.

पण व्यसन जडलं असेल तर नुसता खेळ पुरत नाही, उपचार लागतात. सीपीआरच्या मानसोपचार विभागात दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि मुलांच्या अडचणीसाठी १०९८ हे फोन मोफत आहेत. १८ वर्षांखालच्या मुलावर केस झाली, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही; प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. वकील मोफत मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. लाजेपायी लपवू नका.

सुरुवात सोपी आहे. विहाराची किल्ली कुणाकडे असते, ते आजच विचारा.