दहा हजारांत १,९१० पॉझिटिव्ह, ॲलर्जी १४ जणांना

बंगळुरू-म्हैसूर परिसरातल्या शाळकरी मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचं प्रमाण ०.१४ टक्के आहे, म्हणजे दहा हजार मुलांमागे १४. युरोप्रिव्हॉल-इन्को पाहणीचा हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. भारत, चीन आणि रशियातली ३५,५४९ मुलं तिच्यात होती. हाँगकाँगचा आकडा १.५ टक्के, कर्नाटकच्या जवळपास ११ पट.

आता दुसरा आकडा. अन्नपदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं अंगात असलेली मुलं हाँगकाँगमध्ये १६.८ टक्के, कर्नाटकात १९.१. चाचणीत कर्नाटक सर्वांत वर, प्रत्यक्ष त्रासात सर्वांत खाली. भागाकार केला तर हाँगकाँगमध्ये ११ पॉझिटिव्ह मुलांमागे एकाला ॲलर्जी निघते, कर्नाटकात १३६ मुलांमागे एकाला.

या तफावतीचं एक संभाव्य कारण घराच्या कोपऱ्यात सापडतं. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन झुरळात आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही थोड्या फरकाने असतं. त्यामुळे कधीही कोळंबी न खाल्लेल्या मुलाच्या रक्तात कोळंबीविरुद्धची प्रतिपिंडं दिसू शकतात. प्रयोगशाळेच्या अहवालात साधारण ०.३५ युनिटच्या वरची ओळ ठळक छापून येते. ती ओळ संवेदनशीलता, म्हणजे प्रतिपिंडं असणं, सांगते. खाल्ल्यावर गांधी उठतील की नाही, हे सांगत नाही. अंगावर पित्त उठलं म्हणून चाळीस पदार्थांची तपासणी करायची आणि ठळक ओळींप्रमाणे दूध, अंडं, शेंगदाणे बंद करायचे, हा हिशेब बहुतेक वेळा चुकण्याची शक्यता बाळगतो. (ज्याला शेंगदाण्याने खरोखर धाप लागते, त्याला हे गणित लागू नाही.)

याच परिसरातल्या प्रौढांच्या २०१६च्या अहवालात संवेदनशीलता २६.५ टक्के, संभाव्य ॲलर्जी १.२ टक्के. त्यात दूध ०.५ आणि सफरचंदही ०.५. युरोपात सफरचंदाच्या ॲलर्जीचा संबंध बर्च झाडाच्या परागाशी लावतात. बंगळुरूत बर्च उगवत नाही, तेव्हा ते कारण इथे लागू होत नाही.

ताटातून पदार्थ काढण्याआधी ताटात मुळात किती आहे, तेही मोजावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांमधला रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ६०.९ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ६५.५ झाला. पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुंटलेपण ३६.२ वरून ३५.४ वर आलं, म्हणजे एक टक्काबिंदूसुद्धा हललं नाही. तीच मुलं आज शाळेत आहेत.

प्राथमिक शाळेतल्या माध्यान्ह भोजनाचा निकष १२ ग्रॅम प्रथिनांचा. एका अंड्यात सुमारे ६, म्हणजे निम्मा. कर्नाटकात २०२४ पासून अंडी आठवड्याला दोनऐवजी सहा झाली. वाढीव चार दिवसांसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनचे तीन वर्षांत सुमारे १,५०० कोटी रुपये, मुलं ५५ लाख: मुलामागे वर्षाला साधारण ९०९ रुपये. अंडं न खाणाऱ्यांना सुरुवातीला केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की असा पर्याय होता.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. योजनेच्या कागदावर कर्नाटकातल्या बेळगावच्या सरकारी मराठी शाळेत आठवड्याला सहा अंडी आहेत. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या शाळेत लोकसहभागातून जमतील तेवढी.