देव मानता की नाही? : १९८९ ते २०१३

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, आणि सभासभांतून एकच प्रश्न कार्यकर्त्यांच्या मागे लागला: देव मानता की नाही, ते एका शब्दात सांगा. हो म्हटले, तर मग बुवाबाबांना विरोध कशाला? नाही म्हटले, तर नास्तिकाचे पुढचे बोलणे ऐकतो कोण?

समितीने एका शब्दात उत्तर द्यायचेच नाकारले. देवाधर्माबाबत ती तटस्थ राहिली. तिचा विरोध होता तो देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला. काही पुरोगाम्यांना ही पळवाट वाटली. मला तसे वाटत नाही. राज्यघटनेचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते आणि १९७६ साली आलेले ५१ अ कलम वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे कर्तव्य मानते. दोन्ही लिहिलेली आहेत एकाच नागरिकासाठी.

या तटस्थतेचा कस लागला तो अभिनेते डॉ. श्रीराम लागूंच्या सोबतीने. देवाला रिटायर करा, असे लागू उघड सांगत. दाभोलकर त्यांच्यासोबत 'विवेकजागराचा वाद-संवाद' हा कार्यक्रम ठिकठिकाणी करत. लागू देव साफ नाकारत. दाभोलकर म्हणत, समितीत यायला ही अट नाही. हा मतभेद त्यांनी लोकांपासून लपवला नाही, आणि त्यापायी काम थांबवले नाही. 'हो की नाही'ला याहून सडेतोड उत्तर मला माहीत नाही.

समितीने मागितलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी पुन्हा तेच. धर्माच्या बाजूचे की कायद्याच्या, एवढेच विचारले गेले. वारी बंद पडेल, पूजाअर्चा गुन्हा ठरेल, अशी भीती घातली गेली. विधेयक वर्षानुवर्षे अडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. हे त्यांच्या हयातीत व्हायला हवे होते, ही खंत आजही जात नाही.

कायद्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्ये आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे, मिरचीची धुरी देणे, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, अशी. यात्रा, परिक्रमा, कीर्तन, भजन, घरची पूजा यांना तो लागू नाही, हे त्यातच नमूद आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला घरी देव्हारा आहे का, हे पोलिसाने विचारायचे कारण नाही. तिला कोणी बांधले, कोणी मारले, एवढे विचारून गुन्हा नोंदवायचा.